मुशी-पाकटावरच्या जळवा गोळा करताना या चुका टाळा

पाकटावरची जळू चिमट्याने ओढली की निम्मी हातात येते, निम्मी कातडीलाच राहते. मागचा चूषक (चिकटून राहायची वाटी) घट्ट चिकटलेला असतो आणि पुढून सोंड मांसात रुतलेली असते. ओढू नका. चूषकाच्या कडेखालून बोथट, सपाट पातं सरकवा, म्हणजे पकड सुटते. मीठ तर अजिबात लावू नका. जळू आखडते आणि प्यालेलं रक्त ओकून टाकते.

खरा घोटाळा बाटलीत होतो. जिवंत जळू थेट फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकली की तिचा गोळा होतो, आणि ओळख पटवायची ती नेमकी अंगाच्या ठेवणीवरून. ब्रँकेलियन आणि पाँटोब्डेला हे अशा जळवांचे दोन गट. ब्रँकेलियनच्या दोन्ही कडांना पानांसारख्या कल्ल्यांच्या तीसहून अधिक जोड्या असतात. पाँटोब्डेलाला असे कल्ले नसतात, तिच्या अंगभर चामखिळी असतात. गोळ्यात कल्ले कुठले आणि सुरकुत्या कुठल्या, ते सांगता येत नाही.

म्हणून आधी तिला सुस्त करा. मॅग्नेशियम क्लोराइड (हेक्झाहायड्रेट) ७५ ग्रॅम घेऊन गोड्या पाण्यात विरघळवा आणि १ लिटर द्रावण करा. त्यात तितकंच समुद्राचं पाणी मिसळून जळू ठेवा. सुई लावल्यावरही ती हलली नाही, की काढा. घड्याळ पाहून काढू नका, मोठ्या जळवांना जास्त वेळ लागतो. मग दोन काचपट्ट्यांमध्ये हलकेच सपाट करून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (बाजारातल्या फॉर्मॅलिनचा १ भाग, समुद्राचं पाणी ९ भाग) २४ तास ठेवा, नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये. रंग पुढे उडतो, फोटो जिवंतपणीच काढा.

डीएनए हवा असेल तर फॉर्मॅलिनच्या आधी मागच्या चूषकाच्या कडेचा छोटा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. पोटाजवळचा तुकडा नको, तिथे पाकटाचं रक्त असतं आणि निकालात पाकटच यायचं.

यजमान (जळू ज्या माशावर जगते तो) कोण, हे ती मासळीच्या कुठल्या टोपलीत सापडली त्यावरून ठरवू नका. मासा मेला की जळवा सुटतात आणि शेजारच्या मुशीवरही चढतात. टोपलीच्या तळाशी, बर्फाच्या पाण्यात सापडलेली जळू वेगळ्या बाटलीत घाला आणि यजमानाच्या जागी 'अनिश्चित' लिहा. माशावरच मिळाली असेल तर जागा नोंदवा: पोटाकडची बाजू, कल्ल्यांच्या फटी, नाकपुड्या. मुशीची पूर्ण लांबी मोजा. पाकटाची मात्र चकतीची (पंखांसकट चपट्या अंगाची) रुंदी घ्या, शेपटी बऱ्याचदा तुटलेली असते.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.