आण्यांचा आणि साक्याचा संबंध काय-स्क्वेअर चाचणीने कसा तपासावा

झाडावर सोळा आणे, म्हणजे पूर्ण तयार होऊ दिलेल्या हापूसमध्ये साका (गर आतून बिघडण्याचा दोष) जास्त निघतो, असे रत्नागिरी-देवगडच्या बागांत नेहमी ऐकू येते. फळाची तयारी (चौदा आणे की सोळा आणे) आणि साका (आहे की नाही) या दोन्ही गोष्टी वर्गवारीच्या असल्यामुळे हे मत तपासण्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी वापरता येते.

साका सालीवरून ओळखू येत नाही. फळ पिकल्यावर कापावे आणि गरात फिकट, आंबट, भुसभुशीत भाग दिसला, तरच साक्याची नोंद करावी. प्रत्येक कलमाचे एकच फळ घ्यावे, कारण एकाच झाडाची दहा फळे एकमेकांपासून स्वतंत्र मानता येत नाहीत आणि ही चाचणी त्याच गृहीतकावर उभी आहे.

उदाहरणासाठी काल्पनिक आकडे घेऊ. चौदा आण्यांच्या १२० फळांपैकी १२ फळांत आणि सोळा आण्यांच्या ८० फळांपैकी १८ फळांत साका निघाला. तक्त्याच्या ओळींत तयारी आणि स्तंभांत साका आहे की नाही असे मांडून चौकटींत ही संख्याच लिहावी, टक्के नव्हेत. टक्क्यांत फळे किती कापली हे हरवते आणि चाचणीचे उत्तर तर त्यावरच अवलंबून असते.

तयारीचा साक्याशी काहीही संबंध नाही असे धरून प्रत्येक चौकटीची अपेक्षित संख्या काढावी: ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण फळे. पहिल्या चौकटीत (चौदा आणे, साका आहे) १२० × ३० ÷ २०० म्हणजे १८ येतात, प्रत्यक्षात १२ आहेत. फरक ६, त्याचा वर्ग ३६, त्याला १८ ने भागले की २. उरलेल्या चौकटींत अपेक्षित संख्या १०२, १२ व ६८ असून त्यांतून ०.३५, ३ आणि ०.५३ मिळतात, बेरीज ५.८८. दोन ओळी व दोन स्तंभांच्या तक्त्याची स्वातंत्र्यमात्रा (बेरजा ठरल्यावर मोकळेपणाने बदलू शकणाऱ्या चौकटींची संख्या) १ असते आणि तिच्यासाठी ५ टक्के पातळीवरची सीमा ३.८४ आहे, म्हणजे संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने बेरीज तिच्यापुढे जाण्याची शक्यता सुमारे ५ टक्केच असते. आपली बेरीज तिच्यापुढे गेल्यामुळे ‘संबंध नाही’ हे गृहीतक नाकारावे.

मात्र संबंध किती घट्ट आहे हे ५.८८ सांगत नाही. त्यासाठी तो आकडा २०० ने भागून वर्गमूळ घ्यावे. येथे ते सुमारे ०.१७, म्हणजे संबंध सौम्यच. शिवाय सोळा आण्यांची फळे बहुतेक तापणाऱ्या कातळावरच्या कलमांची असतील, तर दोष उष्णतेचाही असू शकतो, म्हणून कातळावरची व मातीतली कलमे वेगळी करून दोन तक्ते करावेत. त्यात एखाद्या चौकटीची अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली, तर फिशर यांची अचूक चाचणी वापरावी.