घरात व्यायाम फक्त काकाच करतात? मग हे करून बघा

आमच्या इथल्या ग्राउंडवर सकाळी सहाला गेलात की रिटायर्ड काका दिसतात आणि भरतीची तयारी करणारी पोरं, तिशी-चाळिशीच्या बायका शोधाव्या लागतात, कारण त्या वेळी त्या पोळ्या लाटत असतात, मग डबे, स्कूल बस, त्यात नळाला पाणी. आळस वगैरे काही नाही हो. २०२२ साली भारतात ५७ टक्के बायकांची हालचाल पुरेशी होत नव्हती, पुरुषांत तेच ४२ टक्के, म्हणजे पुरुषांनीही फार कॉलर ताठ करू नये.

तर आधी शूज घेऊ नका. आठवडाभर नुसतं लिहून काढा, घरात कोण किती वाजता मोकळं होतं ते. बाईच्या रकान्यात सलग अर्धा तास सापडणार नाही, मग एक काम दुसऱ्याकडे द्या, उदा. डबे नवऱ्याने भरायचे. (दोन दिवस भाजी सांडेल, सांडू दे.)

मोठ्या माणसाला आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं पुरे, दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले तरी चालतात. चालताना बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येता कामा नये, एवढा स्पीड. आणि "दिवसभर घरात राबते तोच व्यायाम" हे अर्धंच खरं, दम लागेल असं काम मोजतात, पण ताकदीसाठी आठवड्यातून दोनदा वेगळं काहीतरी करावंच लागतं, खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठबस, भिंतीला हात लावून पुशअप्स, बस.

मुलींचं वेगळं. पाळी सुरू झाली की ग्राउंड सुटतं, कोणी बंद कर म्हणत नाही, आपोआपच सुटतं. रोज तासभर खेळणं हवं या वयात, एकटीला पाठवण्यापेक्षा तीन-चार मैत्रिणींचा ग्रुप करून द्या, आणि कपडे तिलाच ठरवू द्या.

नवऱ्यांचं काय, रविवारी क्रिकेट आणि सोमवारी कंबरेला मूव्ह, त्यापेक्षा रोज थोडं चाला.

पासष्टीनंतर तोल सांभाळायची प्रॅक्टिस आठवड्यातून तीनदा. ओट्याला एक हात धरून एका पायावर उभं राहायचं, दहा आकडे मोजून पाय बदलायचा, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्या सासूबाई चहा उकळेपर्यंत हे करतात, आधी पडेन पडेन म्हणायच्या, आता चहा उतू गेला तरी दहा पूर्ण झाल्याशिवाय पाय खाली येत नाही.