उघडीप मिळाली तरी आधी बॅटरीचे सेल मोजा, मग ड्रोन उचला

सोयाबीन शेंगा भरण्यात आहे. पाऊस दोन दिवस उघडतो आणि परत लागतो. त्या दोन दिवसांत उंटअळी आणि तंबाखूवरची पानं खाणारी अळी आवरली नाही, तर पुढच्या उघडीपीपर्यंत पानांची चाळणी होते. म्हणून सगळ्यांनाच ड्रोन हवा असतो, आणि याच घाईत ड्रोन अर्धी टाकी घेऊन मधेच पिकात बसतात. मोटर, पंप, नोझल सगळं ठीक असतं. बॅटरीच्या बारा सेलपैकी एक बसलेला, म्हणजे कमजोर पडलेला असतो.

10 लिटरच्या बऱ्याच ड्रोनना 12 सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लागते. कुठे एकच पॅक, कुठे 6-6 सेलचे दोन जोडलेले. रिमोटवर दिसतो तो बाराही सेल मिळून एक आकडा, किंवा टक्के. तिथेच फसगत होते. अकरा सेल 3.7 व्होल्टवर आणि एक 3.1 वर असला, तरी बेरीज 43.8 भरते. बॅटरी उतरल्याचा पहिला इशारा 43.2 ला लावलेला असतो, म्हणजे तो वाजतच नाही. तेवढ्यात तो एक सेल कोसळतो आणि यंत्र खाली येतं.

म्हणून रोज सकाळी प्रत्येक सेलचा आकडा बघा. स्मार्ट बॅटरी असेल तर अ‍ॅपमध्ये सेल व्होल्टेजचं पान असतं. नसेल तर बॅलन्स वायरला (प्रत्येक सेलपासून निघणाऱ्या बारीक तारांच्या जोडाला) लावायचा छोटा टेस्टर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. पूर्ण चार्जला प्रत्येक सेल 4.2 च्या आसपास हवा. फरक 0.03 व्होल्टपर्यंत चालेल, 0.1 झाला की बॅटरी बाजूला.

पण बसलेला सेल जमिनीवर निमूट असतो, खरा रंग वजनाखाली दाखवतो. साध्या पाण्याने टाकी भरा, मोकळ्या जागी दोन मीटरवर अर्धा मिनिट स्थिर धरा आणि सेलचे आकडे बघा. स्मार्ट बॅटरी नसेल तर उतरल्या उतरल्या टेस्टर लावा. ताज्या चार्जवर एखादा सेल 3.5 कडे घसरला, किंवा इतरांपेक्षा ठळक मागे पडला, तर ती बॅटरी फवारणीची राहिली नाही. बॅटरी सगळीच थकली की इशारा लवकर वाजतो, म्हणून काही जण त्याचा आकडाच खाली आणून ठेवतात किंवा ‘फक्त आवाज’ करून टाकतात. आम्ही पिकात उतरलेले जे ड्रोन पाहिले, त्यांत हे वारंवार दिसलं. पहिला इशारा 43.2, दुसरा 42 व्होल्ट; कंपनीने वेगळा दिला असेल तर तो. त्याखाली नाही.

इशारा लागल्यावर तुमचं यंत्र काय करतं, हेही माहीत हवं. कुठे जागेवर थांबतं, कुठे परत फिरतं, कुठे सरळ खाली बसतं. रिकाम्या टाकीने मोकळ्या जागेत तपासा: पहिल्या इशाऱ्याचा आकडा तात्पुरता 48 करा, उडवा, बघा, आणि आठवणीने परत 43.2 वर आणा. परत फिरणाऱ्या यंत्रांत एक मेख आहे. ती आधी ठरवलेल्या उंचीवर चढतात, मग घरी येतात. भरल्या टाकीने दहा-पंधरा मीटर चढताना उरलीसुरली बॅटरी संपते, आणि दुसरा इशारा हवेतच लागतो. त्यामुळे 30 टक्क्यांवर स्वतःच वळवा. जुनी बॅटरी असेल तर टाकीत 7-8 लिटरच भरा. बॅटरीआधी टाकी संपली पाहिजे.

पिकात बसला तर नुकसान पंख्यांनी तुटलेल्या झाडांपुरतं राहत नाही. क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 एससीची शिफारस सोयाबीनला एकरी 60 मिली. 200 लिटर पाण्यात ती लिटरला 0.3 मिली होते, ड्रोनच्या एकरी 10 लिटरमध्ये लिटरला 6 मिली, म्हणजे वीसपट तीव्र. हे सांडलं तिथे उघड्या हातापायांनी जाऊ नका. आणि फवारा कुठे तुटला तिथे काठी रोवा. नाहीतर परत सुरू करताना एक पट्टा कोरडा राहतो, अळी तिथूनच पसरते, किंवा दुसऱ्या पट्ट्यावर दुप्पट मात्रा पडते.

सेल बसतो कशाने? बहुतेक वेळा तीनच कारणं असतात. रात्री पूर्ण चार्ज केलं, सकाळी पाऊस लागला, चार दिवस बॅटरी तशीच भरलेली पडली. उतरवलेली गरम बॅटरी लगेच चार्जरला लावली. किंवा जुन्या-नव्या पॅकची जोडी जुळवली.

रोजचं काम:
- जोड्यांवर क्रमांक, जोडी मोडायची नाही
- उतरल्यावर 20-30 मिनिटं सावलीत
- चार्ज 1सी वर, म्हणजे क्षमतेइतक्याच अँपिअरवर (16,000 एमएएच क्षमतेला 16 अँपिअर); बॅलन्स लावून, म्हणजे सगळे सेल सारखे भरतील असा
- 3000 वॉटच्या चार्जरला 5 केव्हीएचा जनरेटर
- कनेक्टर कोरडा, काळा पडला असेल तर बदला
- पाऊस लांबला, हंगाम संपला: सेल 3.8 ते 3.85 वर आणून ठेवा
- चार्जिंग घरात नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली

गरमपणाचा आमचा आडाखा: तळहात दहा आकडे मोजेपर्यंत टेकवता आला नाही, तर चार्जर दूर. पॅक एकाच बाजूने तापत असेल तर बसणारा सेल त्याच बाजूला सापडतो, असंही दिसतं.

दुकानदार मोठ्या एमएएचची बॅटरी सुचवेल. वजन किलोभर वाढतं, टाकी तेवढी कमी भरावी लागते, मिनिटं मात्र फारशी वाढत नाहीत. बॅटरी ‘जिवंत’ करून देणाऱ्यालाही पैसे देऊ नका; फुगलेला पॅक सुधारत नाही. तो वापरू नका, टोचू नका, भंगारात टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम 2022 नुसार जुनी बॅटरी परत घ्यायची जबाबदारी उत्पादकाची आहे, विक्रेत्याकडे तसं मागा.

भाड्याने ड्रोन बोलावणाऱ्यांनी औषध कालवण्याआधी चालकाला सेलचे आकडे दाखवायला सांगा. दाखवता आले नाहीत तर औषध डब्यातच राहू द्या, कालवलेलं परत भरता येत नाही.