ट्रायल्ससाठी बाईक हलकी करावी का? आधी वजन वाढवून पाहा

ट्रायल्स ही वेगाची शर्यत नव्हे. दगड, ओढ्याचे पात्र, उभे चढ अशा आखून दिलेल्या टप्प्यातून जमिनीला पाय न लावता बाईक पार न्यायची असते. एकदा पाय टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन आणि पडल्यास किंवा टप्प्याबाहेर गेल्यास पाच, असे दंडाचे गुण लागतात व ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. या खेळासाठीच बनवलेली बाईक साधारण ६५ ते ७५ किलोंची असते. पुण्यातील हौशी चालक मात्र बहुधा हिरो एक्सपल्स २०० सारख्या, सुमारे १६० किलोंच्या रस्त्यावरच्या बाईकवर सुरुवात करतात आणि लवकरच नाना पेठेत हलक्या सायलेन्सरचे व लिथियम बॅटरीचे भाव विचारू लागतात. तो खर्च करण्याआधी पुढील क्रमाने पडताळणी करून घ्यावी.

१. बाईकचे खरे वजन करा. धान्याच्या गोदामात किंवा भंगाराच्या दुकानात प्लॅटफॉर्म काटा असतो. पुढचे चाक काट्यावर व मागचे तितक्याच उंचीच्या फळीवर ठेवून आकडा घ्यावा, मग चाके बदलून दुसरा घ्यावा; दोहोंची बेरीज म्हणजे एकूण वजन, आणि ते पुढे किती व मागे किती हेही आपोआप कळते. टाकीत पेट्रोल किती होते ते टिपून ठेवावे. पेट्रोलचे वजन लिटरला सुमारे पाऊण किलो असते, म्हणजे १३ लिटरची टाकी तीन लिटरवर आणली की साडेसात किलो कमी झाले, तेही फुकटात. विकतचे बहुतेक हलके भाग याच्या निम्मेही वजन वाचवत नाहीत.

२. हवा व गिअरिंग आधी नीट करा. ट्रायल्सच्या खास ट्यूबलेस टायरमध्ये मागे चार-पाच पीएसआय इतकीच हवा ठेवतात. ट्यूबच्या टायरमध्ये एवढी हवा कमी केल्यास टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो, म्हणून तेथे हवा बेतानेच कमी करावी. पुढचा स्प्रॉकेट (साखळी ओढणारे दातेरी चाक) एक दात लहान घेतला तर पहिल्या गिअरमध्ये बाईक अधिक संथ चालते आणि क्लचवरचा ताण घटतो. या दोन गोष्टी बिघडलेल्या असताना वजनाबद्दल काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वासार्ह नसतो.

३. पाच किलो वाढवून चाचणी घ्या. वजन कमी करायला पैसे लागतात. वाढवायला वाळूची पिशवी पुरते. मुळशी किंवा भोरकडे मालकाची परवानगी घेऊन खासगी पडीक जमिनीवर पंधरा-वीस पावलांचा, एक तीव्र वळण व एक गुडघाभर उंच कातळ असलेला टप्पा आखावा. (वेताळ टेकडीसारख्या जागी बाईक नेऊ नये, ती चालणाऱ्यांची आणि झाडांची जागा आहे.) सरावाने टप्पा ओळखीचा झाला की मोजणी सुरू करावी. पिशवीविना एक फेरी, मग पिशवीसह दोन, मग पुन्हा पिशवीविना एक, असा क्रम अनेकदा फिरवावा, म्हणजे वाढता सराव आणि वाढता थकवा यांचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो. गुण मित्राने मोजावेत, कारण स्वतःचा टेकलेला पाय स्वतःला कमीच दिसतो. पिशवी आधी इंजिनाखाली, आणि दुसऱ्या वेळी हेडलाइटपाशी घट्ट बांधून पाहावी. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळते ना आणि केबल मोकळ्या आहेत ना, हे आधी तपासावे.

पाच किलो वाढूनही गुणांत फरक पडत नसेल, तर दोन किलो काढण्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. हेडलाइटपाशीच फरक पडला, तर आपली अडचण वजनाच्या जागेची आहे. हे वजन मागच्या आसापासून लांब असल्याने पुढचे चाक उचलताना सर्वाधिक आड येते. शिवाय ते उंचावर असल्याने झुकलेली बाईक सावरणे कठीण करते.

चढावर हलकी बाईक अधिक पकड धरते हा समज मात्र सोडून द्यावा. वजन घटले की चढायला लागणारे बळ घटते, पण टायर जमिनीवर दाबला जाण्याचे बळही त्याच प्रमाणात घटते. हलकेपणाचा खरा फायदा वेगळाच आहे: ट्रायल्समध्ये चालक उभा असतो आणि बाईक त्याच्या खाली स्वतंत्रपणे हलते, त्यामुळे ७० किलोंचा माणूस ७० किलोंची बाईक अंगाच्या झोकाने जागच्या जागी सरकवू शकतो, १६० किलोंची नाही. ट्रायल्सपटू सॅमी मिलर यांनी १९६४ मध्ये स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा ५०० सीसीच्या ब्रिटिश एरियलवर जिंकली आणि १९६५ मध्ये तीच स्पर्धा कितीतरी हलक्या स्पॅनिश बुल्टाकोवर. त्यानंतर या खेळात जड ब्रिटिश बाईकचे दिवस भरले. उलट टोनी बोऊ २००७ पासून वर्षानुवर्षे विश्वविजेता ठरला तो मोंटेसाच्या फोर-स्ट्रोकवर, आणि मोंटेसाची त्याच प्रकारची बाजारात मिळणारी बाईक टू-स्ट्रोक प्रतिस्पर्ध्यांपेक्षा काही किलो जडच असते. नव्वद किलोंचा फरक खेळ बदलतो. तीन-चार किलोंचा फरक चालक भरून काढतो.

४. काढायचेच असेल तर पुढून आणि वरून काढा. विंडशील्ड, आरसे, इंडिकेटर आधी. मग कॅरिअर, साडी गार्ड आणि मागच्या सीटचे फूटरेस्ट. सुटा केलेला भाग पिशवीत घालून ठेवावा, कारण यांतील बरेच भाग रस्त्यावर कायद्याने लागतात. ते काढलेली बाईक टेम्पोतूनच न्यावी. इंजिनाचे संरक्षण करणारी खालची पट्टी कधीही काढू नये, सह्याद्रीचा कातळ क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) माफ करत नाही. फ्लायव्हीललाही (इंजिनाची गती एकसारखी ठेवणाऱ्या जड चाकाला) हात लावू नये. निसरड्या दगडावर इंजिन हळुवार ओढावे आणि बंद पडू नये म्हणून अनेक ट्रायल्स चालक त्यावर मुद्दाम जादा वजन बसवून घेतात.

५. शेवटी सस्पेन्शन पुन्हा लावा. दहा किलो उतरल्यावर मागची स्प्रिंग तुलनेने कडक होते आणि दगडावरून चाक उडू लागते. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) एकेक खाच सैल करून त्याच टप्प्यावर तीच फेरी घ्यावी व गुण आधीच्या नोंदींशेजारी लिहावेत.