फुकट किंवा अल्प खर्चात रोपे कशी मिळवावीत?

झाडे वाढतात, पसरतात आणि वेळोवेळी छाटावी लागतात. त्यामुळे ज्याची बाग जुनी आहे, त्याच्याकडे रोपे नेहमीच गरजेपेक्षा जास्त असतात. म्हणून कोणाकडे त्याचे रोप मागण्याऐवजी, एरवी कचऱ्यात जाणारी फांदी, कुंडीत दाटलेला फुटवा किंवा चिमूटभर बी मागावे. देणाऱ्याचे काही कमी होत नाही आणि मागणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. गोल, नाण्यासारख्या पानांचे पायलिया हे घरातले झाड याच मार्गाने युरोपभर पोहोचले. आग्नार एस्पेग्रेन या नॉर्वेजियन मिशनऱ्याने ते १९४०च्या दशकात चीनमधून मायदेशी नेले आणि त्याची पिल्ले ओळखीच्यांना वाटली. पुढे ते खिडक्याखिडक्यांतून इतके पसरले की वनस्पतिशास्त्रज्ञांना त्याची नेमकी ओळख पटण्याआधीच ते असंख्य घरांत रुजलेले होते.

आधी जागा पाहावी

फुकट मिळाले म्हणून घेतलेले आणि जागेला न मानवणारे रोप शेवटी महागच पडते, कारण कुंडी, माती आणि मेहनत यांचा खर्च टळत नाही. त्यामुळे रोपे शोधण्यापूर्वी आपल्या खिडकीत, गच्चीवर किंवा अंगणात थेट ऊन किती तास पडते, हे दोन-तीन वेळा वेगवेगळ्या प्रहरी पाहून लिहून ठेवावे. गुलाब, जास्वंद यांसारख्या फुलझाडांना साधारण पाच ते सहा तास ऊन लागते. मनीप्लांट आणि स्नेक प्लांट मात्र उजेड असलेल्या सावलीतही तग धरतात. घरात लहान मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर डिफेनबाकिया टाळावे. त्याच्या पानांतील ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे तोंडाची आग होऊन सूज येते. मनीप्लांटमध्येही तेच स्फटिक असतात, म्हणून तो हाताला न लागेल असा उंच टांगावा.

कोणाकडे आणि केव्हा मागावे

मागण्याची वेळ साधली, तर निम्मे काम होते. छाटणीचा हंगाम, कुंड्या बदलण्याचे दिवस आणि कोणी घर बदलत असेल तो काळ, हे सर्वांत सोयीचे असतात. शेजारी, नातेवाईक, बागकाम करणारे माळी आणि रोपांची देवाणघेवाण करणारे गट यांच्याकडे ‘काही रोपे आहेत का’ असे मोघम विचारण्यापेक्षा झाडाचे नाव घेऊन विचारावे. जाताना ओला कागद आणि एक पिशवी सोबत न्यावी, कारण काडी वाटेतच सुकली तर पुढची सगळी खटपट वाया जाते. चोरून आणलेली फांदी हमखास लागते, असे गमतीने म्हटले जाते. पण ती लागते ती पेरामुळे आणि ओलाव्यामुळे, चोरीमुळे नव्हे. सार्वजनिक बागेतून परवानगीशिवाय काही तोडू नये आणि जंगलातून रोपे उपटून आणू नयेत.

फांदीपासून रोप करणे

या पद्धतीत रोप जवळजवळ विनाखर्च तयार होते, मात्र काडी घेताना नेमके कुठे कापायचे हे कळले पाहिजे. मनीप्लांटच्या वेलीवर प्रत्येक पानाच्या देठाशी जाडसर पेर असते आणि त्यावर एक लहानसा तपकिरी उंचवटा दिसतो. मुळे तेथूनच फुटतात. वेल या पेराच्या खाली एक-दोन सेंटीमीटरवर कापावी. पेर सोडून नुसते पान देठासह तोडून पाण्यात ठेवले, तर ते कित्येक आठवडे हिरवे राहते, पण त्याला नवी फांदी फुटत नाही. पाणी तीन-चार दिवसांनी बदलावे आणि मुळे तीन ते पाच सेंटीमीटर लांब झाली की काडी मातीत लावावी. फार काळ पाण्यात राहिलेली मुळे नाजूक असतात व मातीशी लवकर जुळवून घेत नाहीत, म्हणून लावल्यानंतरचा पहिला आठवडा-दीड आठवडा माती ओलसर ठेवावी.

गुलाब, जास्वंद यांसारख्या कठीण खोडाच्या झाडांसाठी पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटीमीटर लांबीची, निरोगी काडी घ्यावी. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका आणि वरचा सरळ घ्यावा, म्हणजे कोणते टोक मातीत जायचे याचा घोळ होत नाही. खालची पाने काढून टाकावीत आणि वरची अर्धी कापावीत. मुळे नसलेल्या काडीतून पानांवाटे पाणी उडून जाते व ती सुकते. वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात घेऊन, त्यात खत न घालता, काडीची किमान दोन पेरे बुडतील इतकी ती खोचावी आणि कुंडी थेट उन्हात न ठेवता वरून पारदर्शक पिशवी घालावी. काही काड्या मरतातच, म्हणून एकाच वेळी चार-पाच लावाव्यात.

येथे बहुतेकांची फसगत होते. काडीला कोवळी पाने फुटली म्हणजे ती लागली, असे नाही, कारण खोडात साठलेल्या अन्नावरही पाने येतात. काडी अगदी हलके ओढून पाहावी. ती अडली किंवा कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरे मूळ डोकावले, तरच पुनर्लागवड करावी.

ज्यांच्या काड्या सहज लागत नाहीत, त्यांच्यासाठी दाब कलम करावे. मोगऱ्याची लवचिक फांदी झाडाला तशीच ठेवून, मधला भाग खालून किंचित खरवडून मातीत दाबावा आणि मुळे फुटल्यावरच ती मूळ झाडापासून कापावी.

पानापासूनही रोपे होतात. पानफुटीच्या पानाच्या कडेला पिल्ले आपोआप येतात. स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे खालची बाजू खालीच ठेवून लावल्यास नवी रोपे येतात, पण त्याला काही महिने लागतात. पिवळ्या कडेच्या जातीच्या पानापासून मात्र साधी हिरवी रोपेच निपजतात. पिवळी कड हवी असेल, तर गड्डा विभागूनच लावावा. ज्यांच्या कापातून चीक येतो, त्या काड्या आणि निवडुंगाचे तुकडे काप सुकेपर्यंत काही दिवस सावलीत ठेवावेत.

विभागणी आणि बी

कोरफड, कर्दळ, लिली आणि फर्न यांचे गड्डे मुळांसकट वेगळे करावेत. यात अवघड असे काही नाही.

बी गोळा करायचे तर फूल पूर्ण वाळू द्यावे आणि बी कागदी पाकिटात, नाव व तारीख लिहून, कोरड्या थंड जागी ठेवावे. जुने बी पेरण्यापूर्वी दहा दाणे ओल्या कागदात गुंडाळावेत. पाचच उगवले, तर दुप्पट बी पेरावे. गोकर्णासारखे कठीण बी रात्रभर भिजवावे. संकरित वाणाच्या बियांपासून मूळ झाडासारखीच रोपे येतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

विकत घेताना

रोपवाटिकेतून घ्यायचेच असेल, तर लहान रोप निवडावे, कारण ते स्वस्त असते आणि नव्या जागी लवकर रुळते. फुटव्यांनी दाटलेली एक कुंडी घेऊन तिची तीन रोपे करणे, हा मला सर्वांत हिशेबी सौदा वाटतो. बहर ओसरल्यावर बहुवर्षायू झाडांची किंमत अनेकदा उतरते, तेव्हा ती घ्यावीत. एकहंगामी फुलझाडे मात्र हंगामाच्या शेवटी कितीही स्वस्त मिळाली, तरी घेऊ नयेत, कारण त्यांचे आयुष्यच संपत आलेले असते. घाणेरी आणि जलपर्णी या दोन्ही शोभेसाठी लावल्या गेल्या आणि पुढे आवरेनाशा झाल्या. अशी झाडे फुकट मिळाली तरी नाकारावीत.

नवे रोप वेगळे ठेवावे

रोप कोठूनही आलेले असो, दोन ते तीन आठवडे ते इतर झाडांपासून दूर ठेवावे. पानांची खालची बाजू आणि देठांची बेचकी पाहावी. तेथे कापसासारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण असतो. तो ओल्या फडक्याने पुसून काढावा, पाण्याच्या धारेने रोप धुवावे आणि आठवडाभराने पुन्हा तपासावे. मुळे काळी पडून त्यांना कुजकट वास येत असेल, तर सडलेला भाग कापून, जुनी माती टाकून नव्या मातीत लावावे. ती जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.