एअर सस्पेन्शन की साध्या स्प्रिंगा? ऑफरोड गाडीत या चुका टाळा

‘एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली) गाडी नको रे बाबा’ हा सल्ला कुठल्याही गॅरेजमध्ये हमखास मिळतो. लँड रोव्हरची वापरलेली डिस्कव्हरी 3, डिस्कव्हरी 4 किंवा रेंज रोव्हर बघायला निघालेल्या माणसाला तर तो मिळतोच. या गाड्या नव्या असतानाच्या किमतीच्या मानाने फार स्वस्त दिसतात आणि सस्पेन्शनचं पहिलं मोठं बिल आलं की मालक हबकतो. तरी ‘भरवसा नाही’ एवढ्यावर विषय संपवणं मला पटत नाही. हे सस्पेन्शन सहसा एका दिवसात जात नाही. आधी कुठेतरी बारीक गळती सुरू होते. ती कुणी बघत नाही. गेलेली हवा भरून काढायला कॉम्प्रेसर जादा चालतो, तापतो, त्याच्या ड्रायरला उसंत मिळत नाही, ओल पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये उतरते आणि अखेर कॉम्प्रेसर बसतो. बिल कॉम्प्रेसरचं येतं. मूळ दोष जोडातल्या एखाद्या रबरी कड्याचा (ओ-रिंगचा) किंवा फुग्याच्या घडीत पडलेल्या भेगेचा असतो.

साध्या स्प्रिंगांबद्दल याच्या बरोबर उलट समज आहे: स्प्रिंगला काय होतंय? तिलाही होतं. फक्त डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, म्हणून कळत नाही.

गळती न शोधता कॉम्प्रेसर बदलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. चार चाकांवर रबरी हवेचे फुगे, एक कॉम्प्रेसर, हवा कोरडी करणारा ड्रायर, हवा साठवणारी टाकी, कुठल्या कोपऱ्यात हवा सोडायची ते ठरवणारे व्हॉल्व्ह ब्लॉक आणि प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर. रेंज रोव्हरमध्ये इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन 1992 मध्ये आलं. तेव्हापासून तपशील पुष्कळ बदलले, पण हा सांगाडा तोच राहिला.

रात्री उभी केलेली गाडी सकाळी बसलेली दिसली की लोक बसलेला कोपरा बघतात आणि तिथला फुगा बदलायला सांगतात. डिस्कव्हरी 3 आणि 4 मध्ये इथेच फसगत होते. गाडी बंद असली तरी तिचं कंट्रोल युनिट काही तासांनी जागं होतं, चारही कोपऱ्यांची उंची तपासतं आणि सर्वांत खाली गेलेल्या कोपऱ्याशी बाकीचे जुळवून घेतं. म्हणजे गळतो एक आणि खाली जातात चारही. सकाळी गाडी सरळ उभी दिसते, फक्त बुटकी झालेली असते.

म्हणून तपासणी अशी करा. सपाट जागेवर गाडी नेहमीच्या उंचीला आणा, बंद करा आणि सस्पेन्शन कंट्रोलचा फ्यूज काढून ठेवा. आता गाडी स्वतःहून उंची जुळवू शकत नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी टेपने मोजून लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. एकच कोपरा खाली आला असेल तर फुगा, त्याची नळी किंवा नळीचा जोड यांच्यावर संशय घ्या. पुढचे दोन्ही सारखेच बसले असतील तर फुग्यांआधी पुढचा व्हॉल्व्ह ब्लॉक बघा. चारही जागच्या जागी आहेत, पण फ्यूज लावून गाडी सुरू केली की कॉम्प्रेसर बराच वेळ घुरघुरतो, असं असेल तर टाकी, तिचा व्हॉल्व्ह किंवा दमलेला कॉम्प्रेसर यांच्याकडे वळा.

कोपरा सापडल्यावर साबणाचं पाणी फवारा. पण नेहमीच्या उंचीवर फुग्याची घडी आत दुमडलेली असते आणि भेग नेमकी त्या घडीत असते. गाडी ऑफरोड उंचीला नेली की घडी उलगडते आणि बुडबुडे दिसतात. पावसाळ्यात चिखलाच्या वाटांवर फिरणाऱ्या गाडीत या घडीत वाळू आणि बारीक खडी अडकते आणि प्रत्येक हालचालीला रबर घासत राहते. सहलीहून आल्यावर गाडी वरच्या उंचीला नेऊन फुगे साध्या पाण्याने धुणं हे पाच मिनिटांचं काम आहे. प्रेशर वॉशरचा झोत मात्र फुग्यांवर आणि सेन्सरच्या जोडांवर जवळून मारू नका.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल तर त्याला वीज देणारा स्विच, म्हणजे रिलेही सोबत बदला. जास्त वेळ चालून रिलेचे संपर्क चिकटतात आणि मग नवा कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. व्हॉल्व्ह ब्लॉक उघडल्यावर आत पांढरी भुकटी दिसली तर ती ड्रायरमधल्या दाण्यांची आहे. ती साफ न करता नवा कॉम्प्रेसर बसवला, तर व्हॉल्व्ह नीट मिटणार नाहीत आणि काही महिन्यांत पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभं राहावं लागेल.

प्रत्येक दिव्याला ‘हवा गेली’ समजणं

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडी उंची बदलेना, तर दोष बऱ्याचदा हवेत नसतो, उंचीच्या सेन्सरमध्ये असतो. सेन्सरचा छोटा दांडा खालच्या आर्मला जोडलेला असतो. दगड लागून तो वाकतो, त्याचा सांधा गंजतो, वायरच्या जोडात पाणी शिरतं. आधी गाडीच्या कॉम्प्युटरमधला दोषाचा कोड वाचून घ्या, मग पाना हातात घ्या. सेन्सर बदलला की कॅलिब्रेशन, म्हणजे उंचीची मापं नव्याने जुळवणं, करावंच लागतं. ते न करता गाडी बाहेर काढली तर एक कोपरा कायम वरखाली राहतो आणि टायर एकीकडून खाल्ला जातो.

याच सेन्सरचे दांडे कमी लांबीचे लावून गाडी कायमची उंच ठेवण्याचा उद्योगही चालतो. कंट्रोल युनिटला गाडी खाली आहे असं भासवायचं आणि हवा भरायला लावायची. फुगा त्यामुळे सतत त्याच्या वरच्या टोकाशी ताणलेला राहतो, ॲक्सलच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या सांध्याचा) कोन वाढतो आणि रबरी बूट लवकर फाटतात.

ऑफरोड उंचीवर गाडी पळवणं

डिस्कव्हरी 3 चा ग्राउंड क्लिअरन्स नेहमीच्या उंचीला 185 मिमी आणि ऑफरोड उंचीला 240 मिमी असतो. हा फरक खरा आहे आणि खडकाळ वाटेवर जीव वाचवतो. पण वर उचललेल्या गाडीच्या चाकाला आता खाली लोंबायला जागा कमी उरते. खड्डा आला की चाक लगेच टोकाला जाऊन आपटतं. ‘एअर सस्पेन्शन कडक असतं’ अशी तक्रार करणारे कित्येक जण खराब डांबरी रस्त्यावरही गाडी वरच्या उंचीला ठेवून चालवतात. वेग वाढला की गाडी आपणहून खाली येते, ते याच कारणासाठी. उंची ही संथ चालीसाठी आहे. अडथळा पार झाला की खाली या.

गाडीचं पोट टेकलं तर घाबरून सारखं वर-खालीचं बटण दाबत बसू नका. एवढ्याने कॉम्प्रेसर तापतो, स्वतःला वाचवायला बंद पडतो आणि नेमका गरजेच्या वेळी उपयोगाचा राहत नाही. डिस्कव्हरी 3 आणि 4 मध्ये ब्रेक दाबून धरून वर नेण्याचं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की गाडी आणखी थोडी उचलली जाते. ही सोय घरी एकदा करून बघा. अडकल्यावर मॅन्युअल शोधण्यात अर्थ नाही.

हवेच्या भरवशावर गाडीखाली शिरणं

इथे तडजोड नाही. फुगा फुटला, नळी निसटली किंवा कंट्रोल युनिटने उंची बदलली, तर दोन टनांहून जड गाडी थेट खाली येते. खाली वाकून बघायचं असेल तरी चेसिसला जॅकस्टँड लावा. टायर बदलण्याआधी उंची आपोआप बदलण्याची सोय मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे बंद करा. टोयोटाच्या एएचसी (उंची बदलणारं सस्पेन्शन) असलेल्या गाड्यांत त्यासाठी वेगळं बटणच दिलेलं आहे. आणि हवेची नळी उघडण्याआधी त्या कोपऱ्याचा दाब सोडून द्या.

एएचसीचा विषय निघालाच आहे तर तिच्याबद्दलची एक गल्लत सांगून टाकतो. लँड क्रूझर 100 किंवा लेक्सस एलएक्समधली ही यंत्रणा हवेवर चालत नाही. ती तेल आणि नायट्रोजन भरलेले धातूचे गोळे यांच्यावर चालते. शिवाय तिच्यात साध्या स्प्रिंगाही असतात: मागे कॉइल, तर लँड क्रूझर 100 मध्ये पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा). वजनाचा मोठा वाटा याच उचलतात. वयानुसार त्या बसल्या की उरलेलं वजन तेलावर येतं, दाब वाढतो आणि गाडी लाकडासारखी कडक होते. लोक महागडे गोळे बदलतात, पण दोष मागच्या कॉइलचा असतो. आधी दाब मोजा. स्प्रिंग बदलून किंवा टॉर्शन बार कसून दाब मर्यादेत आला, तर गोळे अजून चांगले असू शकतात.

‘साधी स्प्रिंग आहे, बघायचं काय?’

थार, जिम्नी, फॉर्च्युनर यांच्या कॉइल स्प्रिंगा वर्षानुवर्षं तक्रार करत नाहीत. म्हणूनच त्यांच्याकडे कुणी बघत नाही. कॉइल हळूहळू बसते. रोज चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, पण ज्या दगडावरून गाडी पूर्वी सहज जायची तिथे आता खालची प्लेट घासते. गाडी नवी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांना मोजून लिहून ठेवली असेल, तर घसरण आकड्यात दिसते.

कॉइल तुटते ती बहुधा अगदी खालच्या वेढ्यात. तिथे चिखल साचतो, दगडाने रंग उडतो आणि गंज धरतो. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. स्टिअरिंग वळवताना ‘टक’ आवाज आला, तर स्प्रिंगचं खालचं टोक टॉर्च लावून बघा. तुटलेला तुकडा टायरला भोक पाडू शकतो. आणि बदलायची तर एका ॲक्सलवरच्या दोन्ही एकदमच बदला.

जिप्सी किंवा महिंद्राच्या जुन्या एमएम 540 जीपच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगांची) गोष्ट निराळी. मेन पाटा तुटण्याआधी सेंटर बोल्ट ढिला होतो किंवा पाटे ॲक्सलला आवळणारा यू-क्लॅम्प सैल पडतो. मग ॲक्सल थोडा सरकतो आणि गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट करून हे जात नाही. मोठ्या सहलीनंतर यू-क्लॅम्प कसून घेणं आणि शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बुश बघणं पुरतं.

स्प्रिंगच्या गाडीत सगळ्यात जास्त बिघाड मालक स्वतः विकत आणतात, तो स्वस्त लिफ्टच्या रूपात. स्प्रिंगखाली स्पेसर ठोकून गाडी दोन इंच वर जाते, पण शॉकअप जुन्याच लांबीचे राहतात आणि टोकाला आपटून लवकर गळतात. जिम्नीसारख्या सॉलिड ॲक्सलच्या गाडीत कॅस्टरचा, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कोन बिघडतो, म्हणून हायवेवर गाडी भटकते. ब्रेकचे होज ताणले जातात. गाडी तपासायला आली की आधी विचारावं, लिफ्ट केली आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या तपशिलांपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनीला हाच मुद्दा हाती लागतो.

कंटाळून हवा काढून कॉइल बसवणं

जगभर रेंज रोव्हरच्या मालकांनी हे केलं आहे. त्यातला त्रास मला समजतो, तरी निर्णय घेण्याआधी एक गोष्ट तपासा: त्याच मॉडेलमध्ये कंपनीने कॉइलची आवृत्ती काढली होती का? डिस्कव्हरी 2 मध्ये मागे हवेचे फुगे असलेल्याही गाड्या होत्या आणि कॉइलच्याही. तिथे कंपनीचेच भाग मिळतात आणि बदल सरळ होतो. पूर्ण एअर सस्पेन्शनच्या डिस्कव्हरी 3 मध्ये मात्र टेरेन रिस्पॉन्सचं (वाटेनुसार गाडीची सेटिंग बदलणाऱ्या यंत्रणेचं) गणित उंचीशी बांधलेलं आहे. शिवाय ऑफरोड उंचीवर डाव्या-उजव्या फुग्यांना जोडणारे व्हॉल्व्ह उघडतात, त्यामुळे एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जातं. कॉइल लावल्यावर हे सगळं जातं. दिवे बंद ठेवायला कंट्रोल युनिटला फसवणारी पेटी लावावी लागते आणि क्लिअरन्स एकाच आकड्यावर अडकतो. एवढा खर्च करण्याआधी चार फुगे, कॉम्प्रेसर आणि रिले नवे घातले तर काय पडतं, त्याचा भाव काढा.

मग घ्यायचं काय? वर्षातून बहुतेक दिवस शहरात, कधी कुटुंब आणि सामान भरून लांबचा प्रवास, अधूनमधून खडकाळ वाट, आणि हवेच्या यंत्रणेची माहिती असलेलं गॅरेज जवळ असेल, तर एअर सस्पेन्शनसारखं सुख नाही. पूर्ण भार टाकूनही गाडी मागे बसत नाही. पण गाडी सरळ उभी दिसते म्हणून जादा सामान भरू नका. वजनाची मर्यादा तीच राहते. दिवसच्या दिवस गॅरेज नसलेल्या भागात जाणाऱ्याने मात्र साधी स्प्रिंगच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. तुटलेला पाटा गावातला लोहारही चालतं करून देतो, बसलेल्या कॉइलवर गाडी हजार किलोमीटर येते. एअरची गाडी बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यांवर) बसली तर वीस किलोमीटरही जड जातात.

तरीही एअर सस्पेन्शन घेऊन लडाखला निघणार असाल, तर जाण्याआधी ड्रायर तपासून घ्या. ओल नळीत राहिली तर रात्रीच्या थंडीत व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि सकाळी गाडी उठत नाही. खारदुंग ला परिसरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे कॉम्प्रेसरला तेवढीच हवा भरायला बराच जास्त वेळ लागतो. तिथे उंची सारखी बदलू नका. गाडीत एक सुटा रिले, नळीचे जोड आणि कोड वाचणारं यंत्र ठेवा. चारही नळ्यांना टायरसारखे व्हॉल्व्ह आधीच बसवून घेतले असतील, तर टायर भरायच्या पंपाने एकेक कोपरा भरून गाडी लेहपर्यंत आणता येते.