गेममध्ये वस्तू उचलायची सिस्टीम कशी लिहायची

रात्री जेवण झालं की मी गोडो इंजिनमध्ये, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक छोटा गेम बनवत बसतो, बेळगावच्या गणपत गल्लीतनं बाजार गोळा करत घर गाठायचं एवढंच त्यात हाय, बटाटे, काजू, कुंद्याचा (दुधाच्या मिठाईचा) डबा वगैरे.

नुसतं उचलणं सोपंय. वस्तूला एरिया-टूडी नोड (आत कोण आलं ते ओळखणारा भाग) द्या, त्यात कोलिजन शेप, म्हणजे त्या भागाचा आकार, घाला, खेळाडू आत शिरल्याचा बॉडी एन्टर्ड सिग्नल आला की आकडा वाढवा आणि क्यू-फ्री करून वस्तू काढून टाका, झालं. १९८० च्या पॅक-मॅनमध्ये २४४ ठिपके संपवले की पुढची लेव्हल, तिथं उचललेलं ठेवायची पिशवीच नाही, नुसती मोजणी.

खरं पिशवी आली की सगळं बदलतंय. मावशीचा पोरगा खानापूरहून आलेला, त्याला खेळायला दिलं, पिशवीचे आठही स्लॉट (कप्पे) भरलेले आणि तो कुंद्याच्या डब्यावर गेला, डबा रस्त्यावरनं गेला आणि पिशवीतबी आला नाही. "दादा, माझा कुंदा कुठं गेला?" म्हणून पोरगं तोंड एवढंसं करून बसलं, मला लई वाईट वाटलं कारण चूक माझीच, मी आधी क्यू-फ्री लिहिलेलं आणि जागा मागनं बघत होतो.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी पिशवीला विचारा किती मावतंय, तिनं जेवढं घेतलं तेवढा आकडा परत द्यायचा, बाकीचं जमिनीवर राहू दे. १० बटाटे पडलेत, ६ मावले, मग ४ तिथंच. शून्य उरले तरच क्यू-फ्री, आणि काही उरलं तर स्क्रीनवर "पिशवी भरली" असं ठळक दाखवा, नाहीतर खेळणाऱ्याला वाटतंय गेमच बिघडला.

एका स्लॉटमध्ये किती ठेवायचं ते माइनक्राफ्ट गेमकडनं शिका, दगड ६४, एंडर पर्ल नावाचे मोती १६, तलवार एकच. तलवारी एकावर एक का रचत नाहीत तर प्रत्येकीची झीज वेगळी, त्यामुळं तिची नोंदबी वेगळी ठेवावी लागते. भरताना आधी अर्धवट भरलेला ढीग पुरा करा, मग रिकामा स्लॉट घ्या. स्कायरिम गेममध्ये याऐवजी वजन असतंय, सुरुवातीला ३००, त्याच्या वर गेलं की पळता येत नाही. मोठ्या गेमला ते चालतंय, छोट्या गेमला मला स्लॉटच बरे वाटतात, बघितलं की कळतंय.

सेव्ह करताना प्रत्येक वस्तूला स्वतःचं नाव द्या आणि उचललेल्यांची यादी ठेवा, नाहीतर गल्लीच्या टोकाला जाऊन परत आलं की तेच काजू परत तिथंच. नुसता क्रमांक देऊ नका, मध्ये नवीन वस्तू घातली की सगळे क्रमांक सरकतात आणि जुन्या सेव्हची वाट लागते.

आता टाकणं. जागा करायला बटाटे खाली टाकले की पायाजवळच पडतात आणि लगेच परत पिशवीत येतात, म्हणून माइनक्राफ्टमध्ये टाकलेली वस्तू २ सेकंद उचलता येत नाही, तसाच टायमर तुम्हीबी लावा. आणखी एक, एन्टर्ड सिग्नल आत शिरतानाच येतो, वस्तूवर उभं राहून जागा केली तर परत येत नाही, म्हणून पिशवीत जागा झाली किंवा टायमर संपला की आत कोण उभं हाय ते गेट ओव्हरलॅपिंग बॉडीज या फंक्शननं तपासा. हे लावल्यावर पोरग्यानं काजू खाली टाकला, तिथंच उभं राहून कुंद्याचा डबा उचलला, आणि पिशवी उघडून मला दाखवली.